राज्याचं फुलपाखरू आहे, मग राज्याचा पतंग का नसावा? (टसर आणि त्याचं गोत)

वैनगंगाकाठ | ९ सप्टेंबर, रात्री १०:४०

गणपतीसाठी माहेरी भंडाऱ्याला गेले होते. आईने आजीचं कोशाचं लुगडं उन्हाला टाकलं होतं. मधाचा रंग, लाल करवती काठ, हाताला थोडं खरखरीत. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, "हे कुठल्या किड्याचं?" मी म्हटलं, रेशमाच्या किड्याचं. तिने मोबाइलवर तुतीच्या पानावरची पांढरी अळी काढून दाखवली, "ही?" मी हो म्हटलं. रात्री वाचायला बसले तेव्हा कळलं की मी तिला चुकीचं सांगितलं.

कोशाचं लुगडं तुतीच्या अळीचं नसतंच. ते टसरच्या पतंगाचं. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा. अँथेरिया ही प्रजाती, म्हणजे घराणं. त्यात आपला टसर, आसामचा मुगा, चीनचा ओकवरचा पतंग, जपानचा यामामाई असे कितीतरी भाऊबंद. बहुतेक आशियातल्या उष्ण जंगलांतले. आणि आपला टसर राहतो ऐनावर आणि अर्जुनावर, म्हणजे माझ्या माहेरच्या रानात. मी तिथे वाढले, पण तो पतंग मी एकदाही ओळखून पाहिलेला नाही.

म्हणून हा धागा. २०१५ साली महाराष्ट्राने नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू ठरवलं. असं करणारं आपलं राज्य देशात पहिलं. शेकरू आहे, हरियाल आहे, तामण आहे. माझं मत असं की राज्याचा पतंगही असावा आणि तो टसरचा असावा. तुम्हाला काय वाटतं? कोणी हा पतंग जवळून पाहिलाय का?

---

मनीमाऊ | ९ सप्टेंबर, रात्री १०:५८

शीर्षक वाचून वाटलं संक्रांतीचा धागा चार महिने आधीच निघाला! मांजा शोधत आत आले, आता रेशमाच्या धाग्यासाठी थांबते. 🙂

---

निशाचर | ९ सप्टेंबर, रात्री ११:३५

छान विषय. मी चिपळूणजवळ राहतो. पावसाळ्यात पांढरी चादर आणि दिवा लावून पतंग बघणं हा गेल्या अकरा वर्षांचा नाद.

टसर फक्त विदर्भात असतो हा समज मात्र सोडा. रानटी टसर सह्याद्रीतही आहे. माझ्या चादरीवर दर वर्षी जूनच्या शेवटी दोन-चार येतातच. नर विटकरी-तपकिरी, मादी पिवळसर आणि अंगाने मोठी. चारही पंखांवर एकेक डोळा असतो, आणि त्या डोळ्याचं बुबुळ चक्क पारदर्शक. तिथे खवलेच नसतात. चादरीवर बसला की त्या चार खिडक्यांतून मागची चादर दिसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं पंख फाटलाय.

नर-मादी ओळखायची तर मिशा बघा. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या. मादी रात्री एका जागी बसून गंध सोडते आणि नर त्या मिशांनी तो हवेत हुंगत येतो. दोघांनाही खायला तोंड नाही. अळी असताना जे खाल्लं त्यावरच आठवडाभराचं आयुष्य.

पण राज्य पतंग म्हणून माझं मत ॲटलासला. पंखांचा पसारा वीतभराहून जास्त, टोकाला नागाच्या फण्यासारखी नक्षी. सह्याद्रीतल्या ॲटलासला आता बरेच अभ्यासक अटॅकस टाप्रोबॅनिस ही वेगळी जात मानतात. ज्याने एकदा पाहिला तो जन्मभर विसरत नाही. राज्याचं चिन्ह असं हवं.

---

वैनगंगाकाठ | ९ सप्टेंबर, रात्री ११:५०

निशाचर, खिडक्यांचं वर्णन फार आवडलं. ॲटलास देखणा आहे, मान्य. पण त्याच्याशी आपल्या माणसांचा व्यवहार काय? टसरवर घरं चालली आहेत.

---

शुभदा_क | १० सप्टेंबर, सकाळी ८:१५

मला यात एक अडचण आहे आणि ती मनापासून मांडते. ज्या जिवाला कोषात असतानाच मारून धागा काढतात, त्याला राज्याचं मानचिन्ह करायचं? मी लग्नानंतर रेशीम घेणंच सोडलं. शेकरूला आपण मारत नाही, म्हणून ते चिन्ह शोभतं.

---

आरती_दीक्षित_गुरुजी | १० सप्टेंबर, सकाळी ९:०२

शुभदाताई, आमच्याकडे पूजेला मुकटा लागतो. वडील म्हणायचे की रेशीम विटाळत नाही, म्हणून सोवळ्याला तेच. मी कॉलेजात असताना त्यांना हाच प्रश्न विचारला होता, की जीव उकळून काढलेलं वस्त्र पवित्र कसं? ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मला कोणी हे विचारलंच नव्हतं." पुढच्या वर्षीपासून ते धुतलेला सुती पंचा नेसून पूजा करू लागले. मी आजही मुकटाच नेसतो, कारण तो त्यांचाच आहे. पण प्रश्न खरा आहे.

---

येनबोडी | १० सप्टेंबर, दुपारी २:२०

राम राम मंडळी. मी आरमोरीकडचा, जिल्हा गडचिरोली. आम्ही ढिवर. पावसाळा सरला की तलावात मासे आणि रानात कोसा, म्हणजे टसर, हे आमच्या घरचं आजोबाच्या आधीपासून. हे लिहून रायलो तेव्हा माझ्या डोक्यावर कोषांच्या माळा टांगल्या आहेत.

ताई, तुमचा धागा पाहून बरं वाटलं. आधी झाडाचं नाव सांगतो. तुम्ही लिहिलं ऐन, आम्ही म्हणतो येन. माझं टोपणनाव त्याच्यावरूनच आहे.

आता पद्धत सांगतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला पहिलं पीक घेतो, त्याचे कोष मुख्यतः बियाण्यासाठी. ते कोष सुतात ओवून माळा करायच्या आणि टांगायच्या. संध्याकाळी दिवेलागणीपासून पतंग बाहेर पडायला लागतात. रात्री जोड्या लागतात त्या सकाळपर्यंत सुटत नाहीत. मग जोडी सोडवून मादीला वेगळं ठेवायचं. ती दोन-तीन रात्रींत दीडशे-दोनशे अंडी देते. एका मादीच्या अंड्यांना अंडीपुंज म्हणतात.

त्यानंतर सगळ्यात मोठं काम. अंडी देऊन झाल्यावर त्या मादीचं पोट चेचून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेब्रिन नावाचा रोग आईकडून अंड्यात जातो. मादीत त्याचे कण दिसले की तिचा अख्खा अंडीपुंज जाळायचा. हे तंत्र मुळात पाश्चरने फ्रान्समध्ये तुतीच्या किड्यासाठी शोधलं. माझा आजोबा पाचवी शिकलेला, पण रोगी पोट तो रंगावरून सांगायचा.

शुभदाताईंना उत्तर द्यायचं आहे, पण आता लाइन जाईल. रात्री लिहितो.

---

मनीमाऊ | १० सप्टेंबर, दुपारी २:३१

डोक्यावर माळा टांगलेल्या असताना टाइप करणारा पहिला आयडी. येनबोडीभाऊ, फोटो टाका ना!

---

निशाचर | १० सप्टेंबर, दुपारी ३:४५

येनबोडी, रानटी नर तुमच्या माळांकडे येतात का? आमच्याकडे मादी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली तर रात्रीतून नर हजर होतात.

---

येनबोडी | १० सप्टेंबर, रात्री ९:१०

येतात ना बाप्पा. खिडकीला जाळी नसली तर सकाळी घरात जास्तीचे नर मोजून घ्या. आजोबाच्या काळी तर मादीच्या पंखाला दोरा बांधून तिला झाडावर ठेवत. रानातला नर आला, जोडी लागली, बियाणं ताकदीचं होतं म्हणायचे.

शुभदाताई, मी खोटं बोलत नाही. विक्रीचे कोष उन्हात किंवा वाफेवर मारावे लागतात. पतंग बाहेर पडला की कोषाच्या तोंडाशी धागे विसकटतात, अखंड धागा निघत नाही. पण सगळेच मारत नाही. बियाण्याचे कोष पतंग निघून गेल्यावर फुटके उरतात, ते फेकत नाहीत. त्यांच्यापासून सूत कातून घिच्चा करतात. जाडंभरडं, गाठीगाठींचं कापड होतं. तुम्हाला चालत असेल तर ते मागा. दुसरी गोष्ट अशी की आम्ही दर वर्षी जितके मारतो त्याच्यापेक्षा जास्त अळ्या पाखरं, गांधीलमाश्या आणि मुंग्या खाऊन टाकतात. त्याने आमचा दोष जात नाही. पण आम्ही दोन महिने रात्रंदिवस त्यांना जगवत असतो, तेही लिहावंसं वाटलं.

---

शुभदा_क | १० सप्टेंबर, रात्री ९:४०

येनबोडीदादा, इतक्या सरळ उत्तराबद्दल आभार. घिच्चा हा शब्द मला माहीतच नव्हता. माझं मत लगेच बदलत नाही, पण घिच्चाचं कापड नक्की शोधेन.

---

चार्ल्सकाठ | ११ सप्टेंबर, सकाळी ६:५०

बॉस्टनहून. इथे याच घराण्यातली एक जात घरामागे येते, अँथेरिया पॉलिफेमस. मागच्या पंखांवरचे डोळे इतके मोठे की ग्रीक कथेतल्या एकाक्ष राक्षसाचं नाव दिलंय. निशाचरांनी सांगितलेल्या खिडक्या यालाही आहेत.

इथली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८६० च्या दशकात शेजारच्या मेडफर्ड गावात एत्येन लेओपोल्द त्रुवेलो नावाचा फ्रेंच चित्रकार राहायचा. त्याला अमेरिकेत रेशमाचा धंदा उभा करायचा होता. त्याने घरामागच्या जंगलाला जाळी घालून पॉलिफेमसच्या अळ्या वाढवल्या, लाखांच्या हिशोबात. त्याने लिहून ठेवलंय की ही अळी छप्पन्न दिवसांत जन्माच्या वजनाच्या ८६,००० पट अन्न खाते.

पुढे त्याने युरोपातून दुसरेच एक पतंग आणले, जिप्सी मॉथ. १८६८-६९ च्या सुमारास ते निसटले. आज दीडशे वर्षांनंतरही ते अमेरिकेची ओकची जंगलं फस्त करतात. त्रुवेलोने किडे सोडले आणि तो खगोलचित्रांकडे वळला. हार्वर्डसाठी काढलेली त्याची ग्रहताऱ्यांची चित्रं फार सुंदर आहेत. पण या गावात त्याचं नाव निघतं ते त्या निसटलेल्या किड्यांमुळे.

येनबोडी, तुमच्याकडे जंगलाला जाळी नाही, परका किडा नाही. जिथला पतंग तिथेच, त्याच्याच झाडावर. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

---

निशाचर | ११ सप्टेंबर, सकाळी ९:३०

चार्ल्सकाठ, भर घालतो. यामामाईचंही असंच झालं. १८६० च्या दशकात पेब्रिनने युरोपातलं तुतीचं रेशीम बुडवलं तेव्हा पर्याय म्हणून जपानमधून यामामाईची अंडी नेली. धंदा जमला नाही, पतंग मात्र सुटला. आज स्लोव्हेनिया, क्रोएशिया, ऑस्ट्रियाच्या ओकच्या जंगलात तो राहतो. जपानमध्ये त्याचा हिरवा कोष आणि त्याचं तेन्सान रेशीम आजही मोलाचं.

या घराण्यात मला सर्वात जास्त कुतूहल वाटतं ते गुणसूत्रांचं. आपल्या टसरमध्ये ३१ जोड्या. चीनच्या पर्नीत ४९. आसामच्या मुग्यात फक्त १५. दिसायला सख्खे भाऊ आणि आत एवढा फरक. तरी १९६९ मध्ये पर्नी आणि हिमालयातला रॉयलाय यांचा संकर आपल्याच शास्त्रज्ञांनी केला आणि त्या संकराची प्रजाही पुढे वाढली. त्याला प्रॉयलाय म्हणतात, मणिपूरकडे ओक टसर म्हणून तो वाढवतात.

---

भाजीभाकरी | ११ सप्टेंबर, सकाळी ९:४२

पर्नी + रॉयलाय = प्रॉयलाय. नाव ठेवायला आत्या नव्हती वाटतं बारशाला.

---

ब्रह्मपुत्रेकाठी | ११ सप्टेंबर, रात्री ८:२५

मी मूळची सांगलीची, नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे सहा वर्षं गुवाहाटीत. मुग्याबद्दल लिहिते.

मुगा म्हणजे अँथेरिया असामेन्सिस. सोम आणि सोआलू या झाडांवर वाढतो. वर्षात पाच-सहा पिढ्या होतात, पण कापडासाठी मुख्य पीक शरदातलं, त्याला कोतिया म्हणतात. रंग द्यावा लागत नाही, धागाच सोनेरी. २००७ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आम्ही एका गावात मुगा पाहायला गेलो होतो. झाडाची पानं संपली की अळ्या आपणहून खोडावरून खाली उतरतात. खोडाला खाली केळीच्या सोपाचा नाहीतर गवताचा अडसर बांधलेला असतो. तिथे त्या जमतात आणि माणूस त्यांना बांबूच्या त्रिकोणी चाळणीवर घेऊन दुसऱ्या झाडावर टांगतो. मावशी हे करत होत्या आणि अळ्यांशी बोलत होत्या. भाषा कळली नाही, सूर ओळखीचा होता. लहान मुलाला जेवायला बोलवतात तसा.

आसामात बिहूला मुग्याची मेखला चादर नेसणं ही अभिमानाची गोष्ट. इथल्या शाळकरी मुलांनाही मुगा कुठल्या झाडावर होतो ते ठाऊक असतं. वैनगंगाकाठ, तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून मला तेच आठवलं. आपल्याकडे किती मुलांना कोसा माहीत असेल?

---

धोटा | १२ सप्टेंबर, रात्री ११:०५

बरेच दिवस नुसता वाचक आहे. आज लिहितो कारण विषय माझ्या घरचा आहे. आम्ही कोष्टी, नागभीडकडचे. करवती काठाची पातळं विणणारं घर.

आधी करवत. लोकांना वाटतं काठाचे दाते भरतकामाने काढतात. नाही. ते मागावरच पडतात. अंगाचा बाणा (आडवा धागा) कोशाचा आणि काठाचा बाणा रंगीत सुताचा, असे तीन धोटे (बाणा ओढून नेणारी साधनं) चालतात, दोन काठांना दोन आणि मध्ये एक. जिथे दोन बाणे भेटतात तिथे एकमेकांत अडकवायचे. ते अडकवणं कमीजास्त करत गेलं की दाते उमटतात. कोशाचा रंग काठात आणि काठाचा रंग कोशात शिरत नाही, म्हणून रेघ इतकी स्वच्छ दिसते. माणसाला दिवसभर मागावरून मान वर करता येत नाही. यालाही भौगोलिक मानांकन आहे.

आता धागा. टसरचा तंतू तुतीच्या तंतूपेक्षा तीन-चार पट जाड आणि चपटा. म्हणून कापड खरखरीत, पण त्यातून वारा खेळतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात लग्नाला कोसा नेसता येतो, पैठणीत जीव घाबरतो.

आणि हा धागा कसा निघायचा ते ऐका. माझी आजी उकळलेले चार-पाच कोष एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताने मांडीवर धागा वळायची. लुगडं वर खोचून, उघड्या मांडीवर, राख लावून. रोज सात-आठ तास. तिची उजवी मांडी चामड्यासारखी काळी आणि टणक झाली होती. शेवटच्या आजारपणात तिला अंघोळ घालताना माझ्या आईला ती पहिल्यांदा नीट दिसली आणि आई रडली. आता सूत काढायला यंत्रं आहेत, केंद्रीय रेशीम मंडळाचं 'बुनियाद' यंत्र बऱ्याच ठिकाणी पोचलंय. ते आलं याचा मला पतंगाच्या चिन्हापेक्षा जास्त आनंद आहे.

म्हणून स्पष्ट सांगतो, राज्य पतंग करा की करू नका, आमच्या गल्लीत फरक पडणार नाही. लहानपणी गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट. आता चार माग उरले. बाजारात कोसा म्हणून पॉलिस्टर मिसळलेलं कापड सर्रास विकलं जातं. नावाने पोट भरत नाही.

---

वैनगंगाकाठ | १२ सप्टेंबर, रात्री ११:४०

धोटाभाऊ, आजीबद्दल वाचून मी आईला फोन केला. तिने आजीचं लुगडं पुन्हा काढलं आणि काठाची उलटी बाजू बघितली. दाते दोन्ही बाजूंनी सारखे. तुमच्यासारख्याच कोणीतरी मान खाली घालून विणलेले.

तुमचा मुद्दा मी मान्य करते. पण थोडं भांडते. ज्या गोष्टीचं नावच कुणाला माहीत नाही तिची भेसळ कोण ओळखणार? माझी मुलगी उद्या साडी घ्यायला जाईल तेव्हा तिला खरा कोसा मागता यायला हवा. त्यासाठी आधी पतंग ठाऊक हवा.

---

मनीमाऊ | १२ सप्टेंबर, रात्री ११:५२

खरा कोसा ओळखायचा कसा, हे कोणीतरी सांगा. मी आजवर दोन घेतल्या आहेत आणि आता धाकधूक वाटतेय.

---

धोटा | १३ सप्टेंबर, सकाळी ७:२०

मनीमाऊताई, पदराच्या टोकाचे दोन-तीन धागे काढून जाळून बघा. खऱ्याला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. ताणा आणि बाणा दोन्हीकडचे धागे घ्या, भेसळ बहुधा एकाच बाजूला असते.

---

मनीमाऊ | १३ सप्टेंबर, रात्री ९:१५

एक पास, एक नापास. 😔 नापास झालेली जास्त महाग होती.

---

आरती_दीक्षित_गुरुजी | १४ सप्टेंबर, सकाळी १०:००

एक शंका. इतका टणक कोष, आमच्या मुलांनी एकदा दगडाने फोडायचा प्रयत्न केला होता. पतंगाला ना दात ना तोंड. मग तो बाहेर येतो कसा?

---

निशाचर | १४ सप्टेंबर, दुपारी १२:३०

गुरुजी, याचं उत्तर याच घराण्यावर संशोधन करून मिळालं. १९६४ मध्ये फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी अँथेरियाच्या पतंगांत एक विकर (एन्झाइम) शोधलं, त्याला कोकूनेज म्हणतात. पतंग ते कोषाच्या तोंडाशी सोडतो. रेशमाचे तंतू ज्या डिंकाने चिकटलेले असतात तो डिंक त्याने विरघळतो, तंतू तुटत नाहीत, नुसते सैल होतात. मग पतंग डोक्याने आणि पायांनी ते बाजूला सारत बाहेर येतो. ओले, चुरगळलेले पंख घेऊन उलटा लटकतो आणि तासाभरात ते पसरतात.

---

येनबोडी | २४ सप्टेंबर, रात्री ८:४५

माझा तात्पुरता निरोप. अळ्या झाडावर चढवल्या. मी २०० अंडीपुंज घेतलेत. आता रानात खोपडी बांधून राहणार, तिथे मोबाइलला टॉवर नाही. धोटाभाऊंनी जे लिहिलं त्यावर मला बोलायचं आहे, ताईच्या मूळ प्रश्नावरही. कोष उतरवले की लिहितो.

---

शुभदा_क | २४ सप्टेंबर, रात्री ९:०५

सांभाळून राहा दादा. तिथे दोन महिने नेमकं काय राखता, ते परत आलात की जरूर लिहा.

---

चार्ल्सकाठ | २ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

धागा वर काढतो. इथे पानगळ झाली आणि अंगणात पानांच्या ढिगात पॉलिफेमसचा कोष सापडला. पानात गुंडाळलेला, पानासकट खाली पडलेला. टसरचा कोषही असाच गळून पडतो का?

---

निशाचर | २ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

नाही, आणि मला वाटतं हेच टसरचं सर्वात मोठं कसब. टसरची अळी आधी डहाळीभोवती रेशमाचं कडं बांधते, त्याला टणक देठ करते आणि त्या देठाला कोष लटकवते. उन्हाळ्यात ऐन सगळा निष्पर्ण होतो, पण कोष फळासारखा फांदीवर टिकतो. सह्याद्रीत फेब्रुवारीत पानं झडली की आम्ही असेच शोधतो.

(ॲटलासला देठ असा जमत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.)

---

भाजीभाकरी | २ नोव्हेंबर, सकाळी ९:३१

निशाचर पक्ष बदलण्याच्या बेतात दिसतायत.

---

निशाचर | २ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

नाही हो, मत ॲटलासलाच. पण शेजाऱ्याचं कौतुक करायला काय हरकत.

---

येनबोडी | ४ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

राम राम. काल कोष उतरवून घरी आलो. साडेसहा हजार भरले. फार नाही, वाईट पण नाही. ऑक्टोबरात चार दिवस अवकाळी पाऊस झाला, त्यात अळ्या मेल्या.

शुभदाताई, तुम्ही विचारलं काय राखता. पहाटे पाखरं उठायच्या आधी उठायचं. कावळा, कोतवाल, सगळ्यांना गुलेलीने हाकलायचं, मारायचं नाही. दुपारी गांधीलमाश्या आणि ढेकण्या येतात, ढेकण्या अळीत सोंड खुपसून रस पितात. झाडाच्या बुंध्याशी लाल मुंग्यांची वाट मोडायची. उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते, ती दिसली की ते अंडं नखाने काढायचं. झाडाची पानं सरली की अळ्यांसकट डहाळी कापून दुसऱ्या येनावर बांधायची. अळी पानासारखीच हिरवी, दिसत नाही. आम्ही वर बघत नाही, खाली बघतो. लेंड्या ताज्या पडल्या असल्या की वर अळी आहे. शेवटच्या दिवसांत रात्री खोपडीत पडलं की हजारो अळ्या पानं खातात त्याचा आवाज येतो, बारीक पाऊस पडल्यासारखा. आजोबा या दिवसांत मासे-मटण खायचा नाही, दाढी करायचा नाही, घरी झोपायला यायचा नाही. मी दाढी करतो, पण मासे मी पण खात नाही.

धोटाभाऊ, तुम्ही बोलले ते सोळा आणे खरं आहे. तुमच्या आजीची मांडी आणि माझ्या आजीची मांडी एकच. पण एक सांगतो. तुमचे माग चार उरले, तसे आमचे येनही उरले नाहीत. पूर्वी गावाच्या मागेच येनाची बोडी होती, आता मला आठ किलोमीटर आत जावं लागतं. येन तुटला की पतंग गेला, पतंग गेला की कोष गेला, मग तुमच्या मागाला धागा बाहेरून आणावा लागतो. आमच्या भागातल्या टसरच्या वाणालाच शास्त्रात 'भंडारा' नाव आहे. ताई, तुमच्या माहेरचं नाव. ते नाव कागदावर आहे, झाड रानात पाहिजे.

मूळ प्रश्नावर माझं मत. राज्य पतंग करायचा तर टसरला करा, मी हात वर करतो. पण येनासकट करा. दर गावाला वीस-पंचवीस एकर येन-अर्जुन कोशासाठी राखून ठेवा आणि तिथे कोण बसेल ते गावाला ठरवू द्या. झाडाशिवाय नुसता पतंग घोषित केला तर तो पोस्टरवरच राहील.

---

धोटा | ४ डिसेंबर, रात्री १०:१५

येनबोडीभाऊ, येनासकट असेल तर माझाही हात वर. आणि साडेसहा हजारांतले काही मला द्या. बाजारभावाने घेईन, दलालाशिवाय.

---

येनबोडी | ४ डिसेंबर, रात्री १०:२२

फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवला.

---

ब्रह्मपुत्रेकाठी | ५ डिसेंबर, सकाळी ९:१०

वरचे दोन निरोप वाचून सकाळ गोड झाली.

---

वैनगंगाकाठ | १३ डिसेंबर, दुपारी ४:००

येनबोडीभाऊंनी लेकीसाठी दहा कोष पाठवले, डहाळीच्या तुकड्यासकट! निशाचरांनी सांगितलेलं कडं आणि देठ आम्ही भिंग घेऊन पाहिलं. ती शाळेत नेऊन आली. भाऊ, आता हे कसे ठेवू? पतंग कधी निघतील?

---

येनबोडी | १३ डिसेंबर, रात्री ८:०५

ताई, दुसऱ्या पिकाचे कोष आहेत. आत तो आता झोपला आहे, पावसाळा येईस्तोवर उठत नाही. माळ करून सावलीत, वारा लागेल अशा जागी टांगा. मुंग्या चढणार नाहीत असं बघा. एप्रिल-मेच्या तापात खाली ओलं पोतं ठेवा. जूनमध्ये पाऊस लागला की संध्याकाळी सात ते दहा लक्ष ठेवा. अन् येन नाहीतर अर्जुन जवळ असला पाहिजे, नाहीतर अंडी देतील त्या अळ्या खातील काय?

---

वैनगंगाकाठ | १३ डिसेंबर, रात्री ८:२०

आमच्या कॉलनीच्या मागे नाल्याकाठी चार अर्जुन आहेत, उद्याच बघून येते. लेक विचारतेय, सहा महिने आत तो जिवंत आहे हे कसं कळणार?

---

येनबोडी | १३ डिसेंबर, रात्री ८:२६

तिला म्हणा, कोष कानाशी धर आणि अगदी हळू हलव. आत जड गोटी सरकल्यासारखी लागली की जिता आहे. मग परत टांग, पुन्हा पुन्हा हलवू नको.